पांढरं फूल दिसण्याआधी: गाजर गवताचा बंदोबस्त

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की वालूरच्या शिवारात दोन उगवणी एकाच वेळी सुरू होतात. रानात कापूस, सोयाबीन, तूर वर येते. धुऱ्यावर, पांदीच्या कडेला, उकिरड्याभोवती, शाळेच्या मैदानावर आणि गावठाणातल्या प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर गाजर गवत वर येतं. पहिल्या उगवणीवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. दुसरी कुणाचीच नसते. पोळ्यापर्यंत ती कमरेला लागते, पांढरी होते, आणि मग कुणीतरी ग्रामसभेत विषय काढतं. यंत्र येतं, गवत कापलं जातं, दोन दिवस गाव स्वच्छ दिसतं. तोवर बी जमिनीवर सांडून झालेलं असतं.

हेच काम दोन महिने आधी, जून-जुलैत केलं तर निम्म्या कष्टात होतं. वालूर आणि सेलू तालुक्यातल्या आसपासच्या गावांना, तिथली काळी जमीन आणि कापूस-सोयाबीनची पिकं डोळ्यांसमोर ठेवून, ते कसं करावं एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी ओळख पक्की करा

कुणी याला काँग्रेस म्हणतं, कुणी चटकचांदणी, कुणी पांढरी फुली. शास्त्रीय नाव पार्थेनियम. हे रुंद पानाचं तण आहे, सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातलं. ही गोष्ट फवारणीच्या वेळी फार महत्त्वाची ठरते. सोयाबीनमध्ये शिप्पी, लोना यांसारख्या अरुंद पानाच्या गवतांसाठी जे क्विझालोफॉप मारतात, त्याने गाजर गवताचं एक पानही वाळत नाही. दुकानात नुसतं ‘तणनाशक द्या’ म्हटल्यावर ही चूक होते आणि पैसे वाया जातात.

फुललेलं गाजर गवत पोरसुद्धा ओळखतं. ओळखायचं आहे ते फुलण्याआधीचं. उगवल्यावर पहिले काही आठवडे त्याला उभी काडी नसते. पानं जमिनीला चिकटून चारी बाजूंना पसरतात, आधी तळहाताएवढी, मग ताटलीएवढी. प्रत्येक पान खोलवर कातरलेलं, राखाडी झाक असलेलं फिकट हिरवं आणि बारीक मऊ लवेचं. याच अवस्थेत ते उपटायचं. पुढे मधून खोड उठतं. त्यावर उभ्या शिरा असतात, वरच्या बाजूला फांद्यांचा झुबका होतो आणि उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत पहिली फुलं दिसतात.

एक वाळलेलं फूल तळहातावर चोळून बघा. तांदळाच्या कणीएवढं ते बोंड, पाच कोपऱ्यांचं. चोळल्यावर त्यातून पाच काळसर दाणे निघतात, आणि प्रत्येकाच्या अंगाला दोन बाजूंनी पातळ पापुद्रे चिकटलेले असतात. या पापुद्र्यांमुळे बी पाण्यावर तरंगतं, वाऱ्याने सरकतं, ओल्या चिखलाबरोबर बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या टायरला लागून जातं. एका बोंडात पाच दाणे म्हणजे किरकोळ वाटेल. पण चांगल्या वाढलेल्या एका झाडावर अशी हजारो बोंडं असतात, त्यामुळे एका झाडाचं बी १५ ते २५ हजारांपर्यंत जातं.

रोप लहान असताना काही सोबत्यांशी गल्लत होते. परसातलं खरं गाजर पान चुरगाळलं की लगेच वासाने कळतं, आणि त्याची पानं आणखी बारीक, दोऱ्यासारखी चिरलेली असतात. झेंडूच्या रोपाची पानं खोडावर समोरासमोर येतात आणि उग्र वास देतात. गाजर गवताची एकाआड एक येतात. शेवंतीचं पान जाडसर आणि कमी कातरलेलं असतं. एकदांडी, म्हणजे कंबरमोडी, जमिनीवर पसरते खरी, पण तिचं पान खरबरीत, नुसतं दातेरी असतं आणि लांब दांड्यावर एकच पिवळट फूल येतं. ती उपटण्याचं काही कारण नाही. खरं तर जमीन झाकणारी कुठलीही साधी गावरान वनस्पती गाजर गवतापेक्षा परवडली, म्हणून ओळख पक्की असल्याशिवाय सरसकट खरडू नये.

हे आलं कुठून आणि इतकं का फोफावलं

मूळ मुलूख मेक्सिको आणि त्याभोवतीचा अमेरिका खंड. आपल्याकडे त्याची पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्याची, आणि ती छापून आली १९५६ मध्ये. अमेरिकेच्या गव्हाबरोबर हे आलं असं गावोगाव सांगतात. पण अमेरिकेकडून धान्य घेण्याचा पीएल-४८० करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, तण मात्र त्याआधीच पुण्यात होतं. अर्थात १९५१ पासून अमेरिकेचा गहू कर्जाऊ येतच होता, त्यामुळे धान्यातून आल्याची शक्यता उरतेच. कसंही आलेलं असो, पुण्याहून निघून पुढच्या काही दशकांत त्याने जवळजवळ सगळा देश व्यापला.

फोफावण्याचं कारण मात्र आपल्या जमिनीत आहे. गाजर गवताला हवी असते उघडी, खरडलेली, कुणाची नसलेली जागा. जिथे हरळी, कुंदा किंवा मारवेल दाट आहे तिथे ते सहसा घुसत नाही. रस्त्याच्या कामासाठी उकरलेली कड, मुरूम टाकलेलं आवार, अति चराईने बोडकं झालेलं गायरान, जेसीबीने साफ केलेला प्लॉट, अशा ठिकाणी ते सगळ्यांत आधी पोचतं. जनावरं चांगला चारा खाऊन घेतात आणि हे तसंच सोडतात, म्हणजे चराई त्याच्याच फायद्याची. त्याच्या मुळांतून आणि कुजलेल्या पानांतून जे रस जमिनीत उतरतात ते इतर बियांची उगवण दाबतात. उपाशी जनावराने खाल्लंच तर दुधाला कडवट चव येते आणि जास्त पोटात गेलं तर विषबाधा होते.

शिवाय त्याला हंगामाचं बंधन नाही. तीन-चार महिन्यांत एक पिढी संपते आणि ओल मिळाली की दुसरी उगवते, वर्षाकाठी तीन-चार पिढ्या सहज. म्हणून नुसत्या पावसाळ्यातल्या मोहिमेने काम भागत नाही. उन्हाळ्यात गावात फिरून बघा. सगळं वाळलेलं असताना हातपंपाभोवती, न्हाणीच्या सांडपाण्याच्या नालीत, गोठ्यामागे, टाकीच्या गळक्या वॉलपाशी, चारीच्या कडेला दोन-चार हिरवीगार झाडं फुललेली दिसतील. जुलैतल्या जंगलाचं ताजं बी तिथून पडतं. चैत्र-वैशाखात ही मोजकी झाडं काढणं हे वर्षभरातलं सगळ्यांत स्वस्त काम आहे, आणि बहुतेक गावांत तेच राहून जातं. पाण्याच्या या जागांची एक यादी ग्रामपंचायतीने करून ठेवली तरी पुरे.

उपटणी: कधी आणि कशी

मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसानंतर जमिनीला वाफसा आला, पाय रुतत नाही पण माती मऊ आहे, तो आठवडा पकडायचा. ओल्या जमिनीत सोटमूळ अख्खं बाहेर येतं. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि दगडासारखी होते, मग झाड बुडातून तुटतं आणि राहिलेल्या बुंध्यातून पुन्हा चार फांद्या फुटतात. यंत्राने कापल्यावरही हेच होतं. मैदानावर किंवा हिरवळीवर तर आणखी एक अडचण आहे: जमिनीला चिकटलेली रोपं पात्याखालून सुटतात, आणि कापलेली झाडं वीतभर उंचीवरच फुलायला लागतात. दवाखाना, शाळा, मंदिर यांच्या पुढे हरळीची हिरवळ असेल तर ती अगदी बुडापासून कापू नका. दोन-तीन बोटं उंच ठेवली की हरळी दाट होते, जमिनीवर सावली पडते आणि गाजर गवताच्या बियांना उजेड मिळत नाही. अधूनमधून दिसलेलं रोप टोकदार खुरप्याने मुळासकट काढायचं आणि खड्डा राहिला तिथे हरळीचा तुकडा लावायचा. एवढ्या बाबतीत हिरवळीला दुसरं औषध लागत नाही.

पहिली उपटणी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्याच जागी पुन्हा जायला हवं. माती हलली की वरच्या थरातलं राहिलेलं बी उगवतं. बहुतेक उगवण अगदी वरच्या एक-दोन सेंटिमीटरमधून होते; खोल गाडलेलं बी मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि नांगरट केली की पुन्हा वर येतं. म्हणून पडीक तुकडा साफ करायचा असेल तर खोल नांगर घालू नये. पहिल्या पावसावर उगवू द्यावं आणि वखराच्या दोन उथळ पाळ्या द्याव्यात. पिकाच्या रानात खुरपणी आणि डवरणी वेळेवर झाली तर गाजर गवत तिथे फारसं जोर धरत नाही. जोर धरतं ते धुऱ्यावर, आणि तिथून रानात येतं. धुरा दोघांचा असतो, म्हणून तो कुणीच खुरपत नाही. शेजाऱ्याशी बोलून एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी काढला तर वाद होत नाही आणि काम टिकतं.

कातडीचं काय

या मुद्द्यावर गावात सगळ्यांत जास्त निष्काळजीपणा दिसतो, म्हणून थोडं सविस्तर. गाजर गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याची काही जणांना तीव्र अॅलर्जी होते. पुण्यात हे तण पसरल्यानंतर तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा रुग्णांची रीघ लागली होती, आणि डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. पहिल्यांदा हात लावल्यावर बहुधा काहीच होत नाही. अनेक महिने, कधी वर्षं संपर्क येत राहिल्यावर शरीर एकदम उलटतं. पापण्या सुजतात, मानेवर, कानामागे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळणात खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. वाळलेल्या गवताची धूळ हवेतून लागली तरी त्रास होतो, म्हणून चेहरा आणि मान आधी धरली जाते. एकदा ही अॅलर्जी जडली की सहसा जात नाही, आणि मग शेवंती-सूर्यफुलासारखी त्याच कुळातली झाडंही काहींना सोसत नाहीत. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो तो वेगळाच.

तेव्हा शाळेच्या श्रमदानात पोरांना उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावणं थांबलं पाहिजे. पोरांनी झाड ओळखावं, कुठे उगवलंय ते मोठ्यांना दाखवावं. उपटण्याचं काम मोठ्या माणसांनी हातमोजे घालून करावं. हातमोजे नसतील तर जाडसर प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाला बांधाव्यात. पूर्ण बाह्यांचा सदरा, नाका-तोंडाला रुमाल. खुरपणीला जाणाऱ्या बायकांना हे सामान कामावर बोलावणाऱ्याने द्यायला हवं, त्यांनी स्वतःच्या पदराने भागवायचं नाही. काम झालं की हात-पाय-तोंड साबणाने धुवावं, कपडे वेगळे धुवावेत. ज्याला आधीच पुरळ आहे त्याने या कामाला जाऊच नये. मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब आणून लावत बसण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं आणि ते महिनोन्‌महिने लावून कातडी पातळ होते.

भुंगा, आणि तो परभणीत मिळतो

आपल्या जिल्ह्याला एक सोय घरची आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात, आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, कीटकशास्त्र विभागाची परोपजीवी कीटक संशोधन योजना आहे. तिथे गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे तयार केले जातात. वालूरकरांना यासाठी पुण्या-मुंबईकडे बघावं लागत नाही.

हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला आणि १९८४ मध्ये तिथे उघड्यावर सोडला गेला. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा, पाठ दुधाळ पांढरट आणि तिच्यावर गडद तपकिरी नागमोडी पट्टे. पान उलटून पाहिलं तर पिवळसर अंडी दिसतात. त्यातून निघालेल्या अळ्या शेंड्याची कोवळी पानं आणि कळ्या आधी फस्त करतात, मग खाली उतरून मातीत कोष करतात. अंड्यापासून भुंगा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. पावसाळ्यात अशा दोन-तीन पिढ्या झाल्या की चांगल्या जमलेल्या ठिकाणी झाडांच्या नुसत्या काड्या उरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर भुंगे जमिनीत शिरून झोपी जातात ते थेट पुढच्या पावसात वर येतात. म्हणून भुंग्याची जागा हिवाळ्या-उन्हाळ्यात उकरू नये.

मागवण्याआधी आपल्या गावात तो आधीपासून आहे का ते बघा. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी तो रुळला आहे. जुलैअखेर पानांना चाळणीसारखी भोकं दिसली आणि शेंडे खाल्लेले दिसले तर भुंगा कामाला लागलेला असतो. तिथे उपटणी आणि फवारणी दोन्ही थांबवा, उलट तिथलेच शे-दोनशे भुंगे सकाळच्या वेळी डब्यात गोळा करून दुसऱ्या बाजूला नेऊन सोडा. बाहेरून आणणार असाल तर एका जागी निदान ५०० ते १००० सोडावेत. दहा ठिकाणी पन्नास-पन्नास सोडले तर ते विखुरतात आणि जम बसत नाही. भोकं पाडलेल्या डब्यात गाजर गवताची ताजी पानं घालून न्यायचे, वाटेत ऊन लागू द्यायचं नाही, पोचल्या दिवशीच संध्याकाळी कोवळ्या झाडांवर सोडायचे. जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम. फुलांनी भरलेल्या झाडांवर सप्टेंबरात सोडून उपयोग नाही.

पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फरक दिसतो, आणि पावसाने मोठी उघडीप दिली तर त्या वर्षी भुंगा मागे पडतो. तो गायरान, माळ आणि रस्त्याच्या लांब पट्ट्यांसाठी आहे. घराच्या अंगणासाठी खुरपंच बरं.

सूर्यफुलाला धोका आहे का, हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर दिसले, मोठी ओरड झाली आणि भुंगे सोडणं काही काळ थांबवलं गेलं. तपासात दिसलं की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि त्यांच्या ओढीने भुंग्याने पानं कुरतडली होती. सूर्यफुलावर त्याची पिढी काही वाढत नाही. नंतर बंदी उठली. तरीही सूर्यफुलाच्या रानाला अगदी लागून भुंगे सोडू नयेत. धुऱ्यावरचं गाजर गवत तिथे हातानेच काढावं.

जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. शाळेत, पंचायतीत कार्यक्रम ठेवायला तो ठीक आहे. कामासाठी त्या तारखेची वाट बघू नये, तोवर आपल्याकडे फूल आलेलं असतं.

काढलेल्या जागी तरोटा

उपटून रिकामी ठेवलेली जागा म्हणजे पुढच्या बियांना आमंत्रण. तिथे काहीतरी पेरावंच लागतं, आणि त्यासाठी आपला तरोटा सगळ्यांत खात्रीचा. त्याची उगवण दाट होते, तो लवकर जमीन झाकतो आणि गाजर गवताच्या रोपांना सावलीत दाबतो. मार्गशीर्षात शेंगा तपकिरी झाल्या की तडकण्याआधी गोळा कराव्यात, बी वाळवून ठेवावं आणि वैशाखात, पहिल्या पावसाआधी, रस्त्याची कड आणि गायरानात दाट फोकावं. पावसाळ्याच्या तोंडी कोवळ्या पाल्याची भाजीही होते. तरोटा पिकात मात्र आणू नये, तिथे तोही तणच आहे. धुऱ्यावर त्याऐवजी मारवेल किंवा पवन्यासारखं चाऱ्याचं गवत लावलं तर जनावरांचीही सोय होते.

फवारणी, आणि कापसाची काळजी

औषध हा शेवटचा मार्ग आणि तोही मोकळ्या जागेपुरता. गवत न मारता फक्त रुंद पानाचं तण मारायचं तर २,४-डी हे जुनं औषध आहे. परंतु आपल्या भागात पावसाळ्यात ते वापरणं म्हणजे शेजाऱ्याच्या कापसाशी खेळणं. कापूस २,४-डीला फार हळवा आहे. वाऱ्यावर उडालेले थेंब, एवढंच काय, नीट न धुतलेल्या पंपातला उरलेला अंशही पुरतो. पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, आखडलेली होतात आणि पातं गळतं. सोयाबीन, तूर, मूगही रुंद पानाचेच. माझं स्पष्ट मत असं की कापूस उभा असताना वालूरच्या शिवारात २,४-डी वापरूच नये, आणि ज्या पंपाने कधी ते मारलं तो पंप पिकावर नेऊ नये.

ग्लायफोसेटने सगळंच मरतं, हरळीसह. जमीन पुन्हा बोडकी होते आणि पुढच्या पावसात पहिलं येतं ते गाजर गवतच. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल चालकांपुरता बांधून टाकला. पडीक जागेसाठी मेट्रिब्युझिनची, लिटरला ३ ते ५ ग्रॅम अशी शिफारस आहे. तीही रोपं लहान असताना, वारा नसलेल्या सकाळी, डब्यावरचं लेबल वाचून आणि कृषी सहायकाला विचारूनच वापरावी. विहीर, आड, नाला यांच्या काठी नको.

मिठाचं पाणी फवारा असंही सांगितलं जातं, लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ. पानं करपतात हे खरं. पण काळ्या भारी जमिनीतून मीठ लवकर निचरून जात नाही, जमीन चोपण होते, आणि एकरभर जागेला लागणारं मीठ पाहिलं तर ते खुरपणीपेक्षा स्वस्तही नाही. फरशीच्या फटीपुरतं ठीक, जमिनीवर नको.

बारवेजवळ वेगळी पद्धत

वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. वर्षानुवर्षांचा गाळ-कचरा उपसून गावकऱ्यांनी ती मोकळी केली, आणि आता लांबून माणसं ती बघायला येतात. मोकळ्या झालेल्या दगडांच्या सांध्यांत माती साचली की गाजर गवत, पिंपळ, रुई यांची रोपं उगवणारच. तिथे औषध नको, मीठ तर अजिबात नको. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरून पुन्हा स्फटिक होतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. जाळही करू नये. दगड भिजलेला असताना रोप बुडाशी धरून सरळ ओढायचं, पहारीने किंवा टिकावाने सांधा उचकटायचा नाही. मोठं झालं असेल आणि ओढल्यावर चिरा हलतोय असं वाटलं तर बुडाशी कापावं आणि फुटवा आला की पुन्हा कापावं. बारवेच्या काठाभोवती आठ-दहा हातांचा पट्टा हरळीने भरून घेतला तर आत पडणारं बीच कमी होईल. हे काम वर्षातून तीन वेळा, पावसाच्या आधी, आषाढात आणि दिवाळीनंतर, ठरवून केलं तर चार माणसांचं आणि एका सकाळचं आहे.

उपटलेल्याचं खत

फूल नसलेलं गाजर गवत उत्तम खत होतं. उंचवट्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा घ्या. ५० किलो गवताचा थर, त्यावर ५ किलो शेण २० लिटर पाण्यात कालवून, अर्धा किलो युरिया, मग पातळ मातीचा थर, असं करत खड्डा भरा आणि वर घुमटासारखा उंच करून शेण-मातीने लिंपून टाका. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नाडेप काकांची टाकी ज्यांच्याकडे आहे त्यांनी तीच वापरावी. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. फुललेली झाडं मात्र खड्ड्यात टाकू नका. सगळं बी मरण्याइतकी उष्णता प्रत्येक खड्ड्यात होत नाही, आणि मग तेच खत रानात बी घेऊन जातं. फुललेली झाडं वाहून न नेता एका कोपऱ्यात वाळवून, वाऱ्याची दिशा आणि वस्ती बघून जाळावीत, धुरात उभं राहू नये.

उकिरड्याच्या कडेला गाजर गवत फुलू देणं हेही तसंच. बी शेणखतात पडतं आणि उन्हाळ्यात आपणच ते गाडी-गाडीने रानभर पसरवतो. खत भरण्याआधी उकिरड्याचा काठ साफ आहे ना, एवढं बघावं. बाहेरून आणलेला कडबा, बांधकामाची वाळू, रस्त्यासाठीचा मुरूम, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलं हार्वेस्टर, यांच्याबरोबर बी गावात येतं ते थांबवता येत नाही. पण ते कुठे उतरलं हे आपल्याला माहीत असतं. वाळू-मुरूम पडलेल्या, यंत्र थांबलेल्या, कडब्याची गंजी लागलेल्या जागा लक्षात ठेवाव्यात आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी हातात खुरपं घेऊन तिथे एक चक्कर मारावी.